नकाशा उघडेना तेव्हा

मित्रांनो, मी एका घरातला जुना संगणक आहे. वय वर्षं चौदा. आमच्यात एवढ्या वयाला पणजोबा म्हणतात.

मी आलो तेव्हा या घरातली मुलगी कॉलेजात होती. ती सासरी गेली आणि मी तिच्या बाबांच्या वाट्याला आलो. बाबा पाणी खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी शहराच्या जमिनीखालच्या सगळ्या नळांचा नकाशा माझ्यावर काढायला घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. कुठली वाहिनी कुठे वळते, कुठली झडप फरशीखाली गाडली गेली, हे सहा वर्षं रोज सकाळी भरत राहिले. आई म्हणायची, "खात्यानं यांना सोडलं, यांनी काही खातं सोडलं नाही."

नकाशा वाढत गेला, मी मात्र होतो तेवढाच राहिलो. तो उघडताना माझी दमछाक व्हायची. एके दिवशी तो उघडेचना.

नेमक्या त्याच आठवड्यात खात्यातल्या इंजिनीअरबाई दारात आल्या. रुग्णालयाकडे जाणारी वाहिनी फुटली होती आणि पाणी बंद करायची झडप सापडत नव्हती. तीन दिवस खणून माणसं थकली होती. कचेरीतले कागदी नकाशे ओलीनं कुजले होते. बाबांनी मला सुरू केलं. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. बाबांची मान खाली गेली. मला फार ओशाळं वाटलं.

मुलीनं फोनवरून नवा संगणक घ्यायला सांगितलं. पण नकाशाचा जुना प्रोग्राम नव्यावर चालत नव्हता. मग दुरुस्तीवाल्या ताईंना बोलावलं. त्यांनी माझं झाकण काढलं, ब्रशनं धूळ झाडली.

"हा बिघडलेला नाही, काका," त्या म्हणाल्या. "टेबल लहान आणि कागद मोठा, तो पसरणार कुठे? मेमरी वाढवू."

त्यांनी माझ्यात मेमरीच्या दोन पट्ट्या बसवल्या. मी तीनदा पिक् केलं आणि पडदा काळाच राहिला. ताईंनी पट्ट्या काढल्या, आईकडून खोडरबर मागून घेतलं, पट्ट्यांची सोनेरी कड हलकेच घासली आणि खट्ट आवाज येईपर्यंत पुन्हा दाबल्या.

या वेळी नकाशा उघडला. अख्खा.

बाबांचं बोट पडद्यावर फिरत फिरत थांबलं. "बेकरीच्या पायरीपासून सात पावलं. वर फूटपाथ झालाय."

झडप तिथेच निघाली. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात पाणी आलं. इंजिनीअरबाई नकाशाची प्रत घेऊन गेल्या.

त्या गेल्यावर आईनं स्टूल ओढलं. सहा वर्षांत ती पहिल्यांदाच माझ्यासमोर बसली. म्हणाली, "आपल्या घरी पाणी कुठून येतं, ते दाखवा की." बाबा जलाशयापासून सांगत सांगत घराच्या नळापर्यंत आले, तोवर जेवणवेळ टळून गेली होती.

मित्रांनो, मी आणखी किती दिवस चालेन, ठाऊक नाही. पण कुणी दमलेलं दिसलं, की त्याला अडगळीत टाकण्याआधी एवढं बघा: तो खरंच बिघडलाय, की त्याला जागा कमी पडतेय?