हिरव्या कोटाची बाही

"आजी, काही घ्यायचंय, की नुसतेच खांदे दाबून बघताय?"

दुकानवालीने हसत विचारलं खरं, पण तिची नजर बाईंच्या हातावरून हलत नव्हती. बाई ओळीने टांगलेल्या जुन्या कोटांपैकी एकेकाचा डावा खांदा चिमटीत धरत होत्या, त्यावरून अंगठा फिरवत होत्या आणि पुढे सरकत होत्या. भाजीवालीच्या टोपलीतली काकडी दाबून बघावी तसं चाललं होतं.

"हिरवा आहे का एखादा? गडद हिरवा, लोकरीचा?"

"हिरवा आत्ता नाही. शेवाळी दाखवू?"

"शेवाळी नको."

आरशापाशी त्यांची सून एक पिसाची टोपी डोक्यावर ठेवून मान वाकडी करून उभी होती. "आई, कशी दिसते?"

"चोरून आणल्यासारखी," बाई म्हणाल्या. सुनेने टोपी मुकाट्याने जागेवर ठेवली. दोघी बाहेर पडल्या.

जुन्या कपड्यांचं वेड सुनेचं. सुट्टी मिळाली की ती या गल्लीत यायची आणि कुणाच्या तरी कपाटातून निघालेलं काहीबाही घेऊन घरी जायची. सासूबाई नाक मुरडायच्या. आपण ज्याची फरशी पुसायला चिंधी केली असती ते इथे काचेआड दिव्याखाली ठेवतात, आणि आपली सून ते पिशवीत घालून आणते. पण मागच्या थंडीत सुनेने एक जाकीट आणलं. बाईंनी सहज कॉलर उलटून आतली पट्टी वाचली. त्या तरुणपणी जिथे काम करायच्या त्या कारखान्याची पट्टी होती ती. तेव्हापासून दर सुट्टीला सुनेच्या आधी त्याच चपला घालून तयार. एक हिरवा कोट शोधायचाय, डावा खांदा उतरता, एवढंच त्यांनी सुनेला सांगितलं होतं. सुनेनेही खोदून विचारलं नव्हतं. जिभेवर ताबा असलेली सून मिळायला नशीब लागतं.

या गल्लीत तेव्हा सगळे शिंपीच होते. त्यातल्याच एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर तो कोटांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे नाव मोठं, प्रत्यक्षात एक लांबडी खोली, भिंतीला लागून मशिनी आणि मधोमध कापायचं टेबल. कोट चढवून बघायला एक लाकडी बाहुली होती. तिला वाळवी लागली तेव्हा मालकीणबाईंनी नवी बाहुली आणण्याऐवजी काज करायला ठेवलेल्या पोरीलाच उभं केलं. पोरीची मापं बाहुलीच्या मापांशी जुळत होती. लाकडी बाहुलीला पगार नव्हता आणि हिला होता, पण तो फरक काही फार मोठा नव्हता.

तेव्हापासून तिचं नाव बाहुली पडलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला नुसतं बाहुली म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून आपण बाहुलीबाई म्हणू. तेव्हा मात्र ती नुसतीच बाहुली होती.

या बाहुलीत दोन खोडी होत्या. पाठची भावंडं कडेवर वागवून वागवून तिचा डावा खांदा बोटभर उतरला होता, आणि हात होते जरा आखूड. खांद्यावर कटिंगमास्तरांनी उपाय काढला. त्यांनी कापसाची एक छोटी गादी शिवली. रोज सकाळी ते ती खणातून काढून तिच्या हातात द्यायचे आणि ती खांद्यावर कपड्याच्या आत सरकवून होईपर्यंत भिंतीकडे बघत राहायचे. मग दोन्ही खांदे समान आणि कोट सरळ. हातांना असला उपाय नव्हता. म्हणून बाह्या शेवटी, टेबलावरच लावायच्या, आणि तिच्या मनगटाच्या दोन बोटं पुढे जातील एवढ्या लांब ठेवायच्या. दुकानात जाणारा प्रत्येक कोट असाच व्हायचा.

मास्तर मितभाषी. तोंडात टाचण्या असतात म्हणून बोलत नाहीत, की बोलायचं नसतं म्हणून टाचण्या तोंडात धरतात, हे कारखान्यात कुणालाच उमगलं नव्हतं. दिवसभर तिच्या अंगावर कापड लावणारा हा माणूस खडूची रेघ ओढण्याआधीही हलकेच 'हं' करायचा. न सांगता त्यांचं बोट तिला कधी लागलं नाही. बाहुलीला त्या 'हं'ची सवय झाली होती, आणि सुट्टीच्या दिवशी तो ऐकू आला नाही की तिला चुकल्यासारखं वाटायचं.

एका सकाळी मास्तरांनी खण उघडलाच नाही. टेबलावर गडद हिरवी लोकर पडली होती.

"मास्तर, गादी राहिली," ती म्हणाली.

"राहू दे आज."

त्या कोटासाठी त्यांनी तिला फार वेळ उभं केलं. पाय भरून आले तरी ती हलली नाही, कारण तेच तिचं काम होतं.

बाह्या लावलेला तो कोट तिने पाहिला तो थेट मालकीणबाईंच्या हातात. तयार माल त्या स्वतः तपासत. त्यांनी कोट टांगला, मागे सरकून पाहिला आणि मशिनींच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, "हा खांदा कुणी पाडला?"

मशिनी थांबल्या. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून तळहातावर घेतल्या. ते काहीतरी बोलणार होते. पण बाहुलीला त्यांची काळजी. मास्तरांना बोल लागणार या धास्तीने ती आधीच बोलून गेली, "माझी चूक. गादी घालायची मीच विसरले. मास्तरांचा काही दोष नाही."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग टाचण्या परत तोंडात धरल्या.

कोट बिघडलेल्या मालात गेला आणि चार दिवसांत विकलाही गेला. आपण मास्तरांना वाचवलं म्हणून बाहुली आठवडाभर खूश होती. मास्तरांनी पुढच्या सकाळी खण उघडून गादी तिच्या हातात ठेवली आणि भिंतीकडे पाहिलं. हंगाम संपायच्या आत ते काम सोडून दुसऱ्या शहरात गेले. जाताना सगळ्यांचा निरोप घेतला, तिचाही घेतला, सगळ्यांचा घेतला तेवढाच.

पुढे तिचं लग्न झालं. नवरा चांगला होता, संसार चांगला झाला, त्यात खोटं काही नाही. मुलगा शाळेत जायला लागला होता तेव्हाची गोष्ट. एकदा ती स्वतःचंच काही शिवत होती. आरशासमोर उभी राहून डावा खांदा उतरता करून टाचणी लावली, आणि तिचा हात तिथेच थांबला. रोज आपल्या हाताने गादी देणारा माणूस ती विसरेल कसा? आणि विसरला असता तर 'राहू दे आज' कशाला म्हणाला असता?

मग दुसरं मन म्हणायचं, घाईत असतील. कुणा गिऱ्हाइकाचा खांदाही तसाच असेल. जगात काय तुझा एकटीचाच खांदा उतरलाय?

बाहुलीबाईंच्या मनात हे भांडण पुढे कायमचं मुक्कामाला आलं. मास्तर कुठे गेले, आहेत की नाहीत, हे विचारायला कुणी उरलं नव्हतं. खरं काय ते आता फक्त कोटाची बाही सांगणार होती. मनगटाच्या दोन बोटं पुढे गेली तर कोट दुकानासाठी होता, आणि मास्तर नुसते घाईत होते. मनगटाशी थांबली तर मात्र तो जगात दुसऱ्या कुणासाठी असणं शक्य नव्हतं.

गल्लीच्या टोकाच्या दुकानात गाणी लावलेली होती आणि डांबराच्या गोळ्यांचा वास भरून राहिला होता. सून आत शिरली, बाहुलीबाई मागून आल्या आणि दारातच थांबल्या. आरशासमोर एक उंच मुलगी हिरवा कोट घालून उभी होती. तिचा डावा खांदा लोंबत होता.

"हे बघा ना, एका बाजूला पडतोय," मुलगी म्हणाली. "बाह्याही आखूड आहेत."

एका कानात डूल घातलेला दुकानदार अजिजीने म्हणाला, "हाताने शिवलेल्या मालात असं असतंच मॅडम. आमचा टेलर आहे ना. खांदा उचलून देतो, बाह्या आतून सोडवून लांब करतो. संध्याकाळी घेऊन जा."

बाहुलीबाईंनी सुनेचा दंड घट्ट धरला. त्या उंच मुलीला कुठलीही बाही आखूडच झाली असती, तिच्यावरून काही कळत नव्हतं. आणि टेलरने एकदा कात्री लावली की कधीच कळणार नव्हतं.

"बाळ," त्या म्हणाल्या. मुलगी वळली तशी त्या पुढे झाल्या. "बाळ, मला एकदा घालून बघू देशील? एकदाच. मग तू घे."

मुलीने दुकानदाराकडे पाहिलं, मग सुनेकडे. काय वाटलं कोण जाणे, तिने कोट उतरवला आणि स्वतःच धरून उभी राहिली. बाहुलीबाईंनी शाल सुनेच्या हातात दिली. आधी उजवा हात घातला, मग डावा.

पुढून कोट मिटेना. बटणं आणि काजं यांच्यात चांगलं वीतभर अंतर राहिलं, मधल्या वर्षांत देह काही बाहुलीचा राहिला नव्हता. पण खांद्यावर एक सुरकुती नव्हती. बाईंनी डोळे मिटून घेतले, हात खाली सोडले आणि मग डोळे उघडून मनगटाकडे पाहिलं.

बाही मनगटाच्या हाडाशी थांबली होती. डावीही आणि उजवीही.

मास्तर घाईत नव्हते. एवढी वर्षं बाईंना वाटत आलं होतं, की आपल्याला कुणी विचारलंच नाही. विचारलं होतं, या कोटानेच. मास्तर सगळ्या कारखान्यासमोर शब्दांतही विचारणार होते, टाचण्या तोंडातून काढल्या होत्या, आणि आपण त्यांच्या तोंडावर सांगितलं की चूक झाली. बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत, कारण बाही ओली झाली असती.

"अय्या, तुम्हाला खांदा किती बरोबर बसला," उंच मुलगी हळूच म्हणाली. मग थोडी घुटमळली, कोटाकडे एकदा पाहून घेतलं, आणि म्हणाली, "राहू द्या आजी. मी दुसरा बघते."

सून जवळ आली. तिने कॉलर नीट केली. "आई, तुमचा होता का हा?"

"आत्ता कळलं," बाहुलीबाई म्हणाल्या. "होता."

सुनेने पैसे चुकते केले. दुकानदार पिशवी घेऊन आला तशी बाईंनी मानेनेच नको म्हटलं.

"घरी काय सांगायचं?" पायऱ्या उतरताना सुनेने विचारलं.

"सासूने कोट घेतला म्हणून सांग. मुलगा म्हणाला आईला वेड लागलंय, तर त्याला म्हणावं, तुझी बायकोच घेऊन गेली होती."

बाहेर दुपारचं ऊन चांगलंच तापलं होतं. येणारेजाणारे उघड्या छातीच्या त्या लोकरी कोटाकडे वळून वळून बघत होते. शाल हातावर टाकून सून बाजूने चालत होती. कोपऱ्यापर्यंत तिने धीर धरला, मग तिला राहवेना.

"आई, उकडत नाही का हो?"

"उकडतंय ना," बाहुलीबाई म्हणाल्या, आणि तशाच चालत राहिल्या.