मावशींच्या हातातला कप

मित्रांनो, मी एक जुना कप आहे. पांढरा, काठावर निळी रेघ असलेला. माझा कान कधीच तुटला, पण ऐकू मात्र सगळं येतं. आयुष्यभर ऐकण्यापलीकडे केलं काय म्हणा!

माझा जन्म भट्टीतला. कालवलेली माती साच्यात ओतली, वाळवली, भाजली आणि एका बाईने टिचकी मारून म्हटलं, "हा पीस चांगला आहे." तेव्हा मी नुसता पीस होतो. पुढे पाच भावंडांबरोबर मला खोक्यात बसवलं आणि दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणाला, "हा सेट घ्या." सेट! काय रुबाब होता त्या शब्दाचा! ज्या घरी गेलो, तिथे आम्हाला काचेच्या कपाटात जागा मिळाली. पाहुणे आले तरच आम्ही बाहेर यायचो. एके दिवशी आमच्यातले दोघे हातातून निसटून फुटले. घरची बाई हळहळली, "सेट मोडला गं बाई!" मला साधा ओरखडाही नव्हता. पण त्यानंतर पाहुण्यांसमोर आम्हाला कोणी नेलं नाही. मी होतो तसाच होतो, तो शब्द तेवढा गेला होता.

मग या घरातून त्या घरात फिरत, वाटेत कान गमावून, मी पडदे शिवण्याच्या एका कारखान्यात आलो. दोनच खोल्या, पण माणसं जिवाभावाची. मालक, कटिंग मास्तर, मशीनवरच्या दोघी बहिणी आणि इस्त्रीवाला. आणि मावशी. मावशी सगळ्यांच्या आधी यायच्या. चिंध्या झाडायच्या, सांडलेल्या टाचण्या लोहचुंबकाने वेचायच्या, चहा ठेवायच्या. सगळ्यांना देऊन झाला की उरलेला चहा माझ्यात ओतायच्या आणि शेगडीपाशी उभ्यानेच प्यायच्या. कान नसल्यामुळे त्या मला दोन्ही हातांनी धरायच्या. काचेच्या कपाटातसुद्धा मला कोणी इतकं जपलं नव्हतं.

मालक मनाने वाईट नव्हते. बोलायला तर साखर. काम वेळेत झालं की म्हणायचे, "आपण एक टीम आहोत. फॅमिलीच म्हणा ना!" मावशी मला विसळताना हळूच म्हणायच्या, "ऐकलंस का रे? टीम आहोत म्हणे आपण." त्यांना बरं वाटायचं. मलाही वाटायचं. मोडलेला सेट पुन्हा जुळल्यासारखं वाटायचं.

मग कारखान्याच्या वाढदिवसाला एक मोठं खोकं आलं. आत नवेकोरे मग, प्रत्येकावर एकेकाचं नाव आणि खाली ठळक अक्षरांत 'आपली टीम'. "मावशी, नीट धुऊन ठेवा हं," मालक म्हणाले. मावशींनी एकेक मग बाहेर काढला, अक्षर अक्षर लावत नाव वाचलं, धुतला, पुसला. शेवटचा मग झाल्यावर त्यांनी पुन्हा खोक्यात हात घातला. मगांभोवती भरलेलं गवत चाचपलं. कोपरे चाचपले. मग सगळं गवत जमिनीवर ओतून पाहिलं. शेवटी ते गवत परत खोक्यात भरून त्यांनी जमीन झाडली.

चहाच्या वेळी इस्त्रीवाल्याच्या लक्षात आलं. "अहो, आणि मावशींचा मग?"

मालकांनी जीभ चावली. मग हसत म्हणाले, "अरे, मावशी तर घरच्याच! घरच्या माणसाला कसला मग?"

"हो ना," मावशी म्हणाल्या. "मला माझा आहे की."

त्या दिवशी माझ्यातला चहा गार झाला. मावशींनी तो मोरीत ओतला. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. नव्या मगांचा हेवा मला नव्हता. मावशींनी त्या खोक्यात काय शोधलं, ते मी पाहिलं होतं.

पुढच्या थंडीत मावशी यायच्या थांबल्या. "येतील उद्या," असं सगळेच म्हणत राहिले. चिंध्या साठल्या. मग मालक म्हणाले, "कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन या." पण घर कुठे? पुलापलीकडे, एवढंच धाकट्या बहिणीला ठाऊक होतं. "नाव काय सांगून विचारायचं?" मास्तरांनी विचारलं. दोन्ही मशीन थांबल्या. फॅमिलीत कोणालाच ते माहीत नव्हतं.

इस्त्रीवाला पुलापलीकडे दारोदार फिरला. परत आला तो उंबऱ्यातच थांबला. "मावशी गेल्या. आठवडा झाला."

मालक स्टुलावर बसून रडले. ते रडणं खोटं नव्हतं, उशिराचं होतं.

आता फळीवर माझ्या शेजारी एक नवा मग आहे. मालकांनी मुद्दाम करून घेतलेला. त्यावर एका बाईचं नाव आहे, इस्त्रीवाल्याने शोधून आणलेलं. इतकी वर्षं मी त्यांच्या हातांत होतो, पण ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. त्या मगातून कोणी चहा पीत नाही.

मित्रांनो, टीम, ग्रुप, फॅमिली हे शब्द तुम्हीही रोज वापरत असाल. खुशाल वापरा. पण त्याआधी एकदा मागे वळून बघा, शेगडीपाशी कोण उभं आहे. त्या माणसाचं नाव विचारा, माणूस समोर आहे तोवर.

काल त्या नव्या मगाने मला विचारलं, "माझी बाई कधी येणार?"

"येईल," मी म्हटलं. खरं सांगायचा धीर झाला नाही.