काच फिरवायचं काम

दोन रिटायर माणसं दुर्बीण करताहेत म्हटल्यावर निमोणे गावात पहिली शंका निघाली ती, कुणाच्या घरात बघायला? वास्तविक कुणाच्या घरात काय चाललंय हे तिथं उघड्या डोळ्यांनाही दिसतंच. पण सर्जेरावांचं आयुष्य साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेलेलं, शंकररावांचं पोस्टात. त्यामुळे खुलासे द्यायची सवय दोघांनाही नव्हती.

काम चाले सर्जेरावांच्या बंद पडलेल्या पोल्ट्रीत, खाद्याच्या खोलीत. वाळूनं भरलेलं पिंप, त्यावर डांबराची गोल थाळी, वड्या पाडाव्यात तसे चौकोन पाडलेली. तिच्यावर गुलाबी पावडरचं पाणी शिंपडायचं, दुर्बिणीचा आरसा व्हायची ती ताटलीएवढी जाड काच पालथी घालायची आणि आरशागत चकाकेपर्यंत घासत राहायचं. चार हात मारले की काच जराशी फिरवायची. नाही फिरवली तर ती एका अंगाला झिजते आणि चंद्रसुद्धा लांबोडका दिसतो. सर्जेरावांचा गुडघा बदलल्यापासून वाटणी झाली होती: ते स्टुलावर बसून ढकलणार, शंकरराव समोर उभे राहून फिरवणार.

चैत्रात शंकरराव शिरूरच्या स्टँडवर, बाकड्यावर बसल्या बसल्या गेले. गाडी त्यांच्यानंतर आली.

जलदानविधी झाला आणि सर्जेराव पुन्हा पिंपापाशी बसले. ढकलत राहिले. काच मात्र फिरवली नाही. ते काम शंकररावांचं होतं, आणि एवढी वर्षं पोस्टात काढून त्यांनी जाताना कुणाला चार्ज दिला नव्हता.

काही दिवसांनी सर्जेरावांनी खिडक्यांना गोणपाट लावून काच तपासली. काच भिंतीशी उभी करायची, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बारीक दिवा लावायचा आणि परत येणारा उजेड ब्लेडच्या धारेनं अर्धा कापून बघायचं. मग काचेवरचे न दिसणारे उंचवटे-खड्डे डोंगरदऱ्यांसारखे उभे राहतात. काच एव्हाना लांबोडकी व्हायला हवी होती. ती गोल होती. शंकरराव असताना नव्हती इतकी गोल.

सर्जेराव लॅबचे. त्यांनी काचेच्या पाठीवर दाराच्या बाजूला खडूनं खूण केली आणि नुसतं ढकलू लागले. हात थांबवला तेव्हा खूण भिंतीकडे होती.

त्यांनी हे बायकोला सांगितलं. सविताबाईंनी ऐकून घेतलं.

"मग च्या दोन कप टाकू?"

"टाक."

दुसऱ्या कपावर साय धरली. सविताबाईंनी तो रागानं मोरीत ओतला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केला.

असं आषाढापर्यंत चाललं. अडचण एकच होती, की काच तयार झाली. आता पुण्याला नेऊन आरशाचा मुलामा चढवला की घासणं संपलं, आणि घासणं संपलं की समोर उभं राहायला कुणाला कारण उरत नव्हतं. तरी सर्जेराव रोज घासत होते.

एका दुपारी शंकररावांच्या ललिताबाई आल्या.

"भाऊजी, आमचा रोहन उद्या पुण्याला चाललाय. काच नेतो म्हणतोय. ह्यांचा लई जीव होता तिच्यात."

"अजून खड्डा हाय, वहिनी."

"दावा."

काच भिंतीशी उभीच होती. सर्जेरावांनी दिवा लावला, ब्लेड जुळवलं आणि ते मागं दाराला टेकून उभे राहिले. ललिताबाईंनी डोळा लावला.

"खड्डा न्हाई कुठं. पण धूर निघतोय वो."

"धूर न्हाई. अंगाची ऊब हाय. काचेला हात धरला की तसं दिसतं."

"मग काढा की हात."

"वहिनी, मी तुमच्या मागं हाय."

ललिताबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. डोळाही काढला नाही. सर्जेरावांशी बोलत नसल्यासारख्या त्या म्हणाल्या, "अवो, सोडा की आता."

मग पदर सारखा करत उठल्या. "दोन हात हायत, भाऊजी. दोन्ही काठाला. कवर धरून ठिवायचं त्यांना? सकाळी रोहन येतोय, काच बांधून ठेवा."

"बरं," सर्जेराव म्हणाले.

त्या गेल्यावर त्यांनी जुनी चादर आणली, पिंपाशेजारी पसरली. मग काच चादरीत न ठेवता त्यांनी फळीवरचा डबा काढला. त्यात रव्याएवढी जाड, काळी पावडर होती, काच सुरुवातीला घासून खोलगट करायची. तिचा एक हात फिरला की आजवरची सगळी चकाकी गेली; काम पहिल्यापासून. सर्जेरावांनी थाळीवर ओंजळभर पसरली, वर काच पालथी घातली, तळवे टेकवले.

आणि ढकलवेना. वहिनींना काय सांगायचं? सकाळी पोरगं दारात उभं राहिल्यावर काय दाखवायचं? ललिताबाई म्हणत होत्या ते त्यांना कळत होतं. त्यांनी हात उचलले. काच काढून धुवावी, पुसावी, बांधावी, असं ठरवूनच उचलले.

काच फिरली. जराशीच, नेहमीइतकी. खर्रर्र आवाज आला, दाताखाली खडा यावा तसा.

काच थांबली होती, वाट बघितल्यासारखी. मग पुन्हा फिरली.

"अवो, काय खरवडताय?" अंगणातून सविताबाईंनी विचारलं.

सर्जेरावांनी तळवे पुन्हा काचेवर टेकवले. काचेचा काठ कोमट लागत होता. त्यांनी स्टूल पुढं ओढलं आणि ढकलायला सुरुवात केली.