चौथ्या मिनिटाचा वारा

“सोड वं वारा,” चंपतराव म्हणाले.

गोपिकाबाईंनी पदर खोचला आणि दोन्ही दोर हातात घेतले.

अंगणातल्या लोखंडी चौकटीला चार दोरांवर खुर्ची टांगलेली होती. चंपतरावांच्या हातातला दांडा हलवला की खुर्चीचा तोल सावरता येई. तिच्याखाली ओळंबा लोंबे आणि त्याच्या टोकाखाली फरशीवर खडूचं बशीएवढं वर्तुळ. गोपिकाबाईंनी बाजूंनी दोर ओढायचे, तो वारा. ओळंबा वर्तुळाबाहेर गेला की हेलिकॉप्टर पडलं.

वीस वर्षांपूर्वी, चौसष्ट साली, चंपतराव गांधीबागेत मोटारींचं वाइंडिंग करत. तिथे रद्दीतल्या मासिकात त्यांना एका माणसापुरत्या हेलिकॉप्टरचं चित्र दिसलं. नळ्यांचा सांगाडा, एक आसन, डोक्यावर पाती. तसाच सांगाडा त्यांनी घरी उभा केला, स्कूटरचं इंजिन आणलं. पण गोपिकाबाईंना शब्द दिला होता: ओळंबा पाच मिनिटं वर्तुळात राहिला, तरच इंजिन जोडायचं.

दर रविवारी ते बसत. दर रविवारी चौथ्या मिनिटाला वारा नेमका जोरात येई.

यंदा त्यांचा हात थरथरू लागला. हे वाढतच जाणार, असं धंतोलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सावनेरचा भाचा बळीराम फवारणीच्या पंपासाठी इंजिन न्यायला संध्याकाळी येणार होता.

“आज नाही जमलं तं नेऊ दे त्याले,” चंपतराव म्हणाले होते.

गोपिकाबाईंनी दोर सैल सोडले. वारा मुळीच नव्हता, तरी ओळंबा खडूच्या रेघेपर्यंत जाऊन आला. मग त्या चंपतरावांच्या दांड्यावरच्या हाताकडे पाहू लागल्या. हात डावीकडे झुकला की त्या उजवा दोर हलकेच ओढत. घड्याळाकडे पाहायचं त्यांना भानच राहिलं नाही. तळवे हुळहुळू लागले, तेव्हा पाच मिनिटं उलटून गेली होती.

“जमलं तुमाले,” त्या म्हणाल्या.

“आज वारा लई शहाणा होता.”

गोपिकाबाईंनी मान खाली घातली. “चौथ्या मिनिटाले मीच झटका देत होती.”

“मालूम आहे मले.”

“मंग इतके वर्षं बोलले काहून नाही?”

“वाऱ्याले काय बोलाचं?” ते सावकाश उतरले. “बळीराम आला का इंजिन देऊन टाक.”

“पण जमलं ना.”

“जमलं म्हणून तं देतो.” त्यांनी खुर्ची झटकली. “बस आता तू. तुले कधी बसवलंच नाही मी.”

“मले नाही येत काही.”

“बस वं. वारा मी सोडतो.”

गोपिकाबाई लुगडं सावरून बसल्या, दांडा धरला. चंपतरावांनी दोर हातात घेतले. त्यांची थरथर दोरांतून खुर्चीत उतरली आणि ती बारीक, एका लयीत हादरू लागली, कुठेतरी इंजिन चालू झाल्यासारखी.

“कोठं जाचं?” चंपतरावांनी विचारलं.

ओळंबा केव्हाच वर्तुळाबाहेर गेला होता. दोघांपैकी कोणीही खाली पाहिलं नाही.