गळतीचा वास

"गाडीच्या आधी बाई, पेट्रोलचा वास आला
गॅरेजचा राजा माझा, काळ्या हातांनी घरी आला"

हडपसरचं गॅरेज बंद करून रंगनाथ दारात उभा राहिला की द्वारका हे गुणगुणायची. ओवी तिची तिनंच जुळवलेली. चाल जात्यावरची आणि म्हणायची मात्र गॅसच्या शेगडीपाशी. "राजे, आधी मोरीत चला," असं वर सुनवायचीही. साथीच्या दुसऱ्या लाटेत दोघं एकाच रिक्षातून दवाखान्यात गेले. परतला तो एकटा.

परतताना आणखी एक गोष्ट तिथंच राहिली, ती मात्र त्यानं कुणाला सांगितली नाही. त्याला वास येईनासा झाला होता. ना फोडणीचा, ना मोगऱ्याचा, ना पेट्रोलचा. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. आला नाही.

आणि आज विश्रांतवाडीतल्या एका सोसायटीच्या तळघरात, एका लाल, बुटक्या, दोनच माणसं मावणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारपाशी त्याची लेक उत्कर्षा त्याला घेऊन आली होती, ती त्याच्या नाकासाठीच.

"माझे बाबा नुसत्या वासावरून गळती सांगतात," तिनं गाडी विकायला काढलेल्या मालकाला, पुष्करला, बजावलं. "हडपसरात कुणालाही विचारा."

"सांगू देत की," पुष्कर म्हणाला. "सर्व्हिसिंगवाल्यांना मशीन लावून काही सापडलं नाही. काकांचं नाक लेटेस्ट मॉडेल असेल."

रंगनाथ कसनुसा हसला आणि गुडघे मोडून खाली वाकला. टॉर्चच्या उजेडात त्यानं दिसतील तेवढे पाइप पाहिले, क्लिपा चाचपल्या, टाकीच्या कडेनं बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं. पण गाडीचं पोट काळ्या प्लास्टिकच्या कव्हरनं झाकलेलं. इंजिन सुरू करायला लावलं, बंद करायला लावलं, परत बोट फिरवलं. गॅरेजमधल्या पोरांना तोच सांगायचा, पेट्रोल आधी नाकाला कळतं, मग बोटाला, आणि दोन्ही चुकली तर ठिणगीला.

"बाबा, मला वास येतोय," उत्कर्षा म्हणाली. "पण हिचा, की शेजारच्या त्या खटारा बाइकचा? ते तुम्हीच सांगू शकता."

त्यानं गाडीवर वाकून लांब श्वास घेतला. हवा आत गेली, गार आणि रिकामी. दर रविवारी जायची तशीच.

रविवारी उत्कर्षा कपाट उघडायची. आईची निळी शाल तिनं कधी धुऊ दिली नव्हती. आधी ती स्वतः शालीत तोंड खुपसायची, मग त्याच्यापुढं धरायची. "बघा ना, अजून आहे ना?" तो म्हणायचा, "हाय की. शिकेकाई हाय, जरासं वेखंड हाय." नाक मुकं होतं, तो आठवणीतून वेचून सांगायचा. मग लेक शांत व्हायची. आठवड्याभराची शिदोरी मिळाल्यासारखी.

आता एक शब्द खरा बोलायचा, तर ते सगळे रविवार एकदम खोटे पडणार होते.

"रॅम्पवर चढवून, कव्हर काढून बघू," तो म्हणाला.

"म्हणजे तुम्हाला वास लागलाय?"

त्यानं परत टॉर्च लावून गाडीखाली पाहिलं.

"काका, गाडी घ्यायचीय की पोस्टमॉर्टेम करायचंय?" पुष्करनं घड्याळ पाहिलं. "चार वाजता दुसरं गिऱ्हाईक येतंय. त्यांना नाक नाही, घाई आहे."

उत्कर्षा तोवर आत जाऊन बसलीसुद्धा. आई गेल्यापासून कुठल्या गोष्टीसाठी तिचा चेहरा असा उजळलेला त्यानं पाहिला नव्हता. "बाबा, नुसतं हो म्हणा. तुम्ही हो म्हणालात की मला बाकी कुणाला विचारायचं नाही. आजच घाटातून एक चक्कर मारून आणते."

हो म्हणणं सोपं होतं. गळतीय, नको घेऊस, म्हणणं त्याहून सोपं. पण तेही त्या मेलेल्या नाकाच्याच साक्षीनं झालं असतं. आणि ती पुढच्या गाडीपाशी त्याला घेऊन गेली असती, अशीच, विश्वासानं.

तिनं किल्लीला हात घातला. त्यानं खिडकीतून वाकून तिचं मनगट धरलं.

"उतर खाली."

"का? गळतीय?"

"ठाऊक न्हाई."

"असं कसं? तुम्ही इतका वेळ वास घेताय." ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

पलीकडं कुणाची तरी स्कूटर उतारावरून खाली आली, थांबली, बंद झाली.

"मला वास येत न्हाई, उत्कर्षा," रंगनाथ म्हणाला. "तुझी आई गेली तवापासून कशाचाच येत न्हाई."