चौदा सेकंद

ऑफिसात मला पाठीमागे ‘तीसमारखां’ म्हणतात. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जुनीपेक्षा मंद आहे का, हे ठरवणं माझं काम, आणि दोन्हींच्या तीस-तीस चाचण्या झाल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. एकदा घड्याळ लावून बोंब मारणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. आकडे वरखाली होतातच. फरक खरा की नुसता योगायोग, हे गणिताने ठरतं, कुणाला काय वाटतं त्यावर नाही.

ताई दोन दिवस राहायला आली आणि जाताना म्हणाली, “आई मंदावलीय रे. स्वयंपाकघरातून खोलीत जाताना भिंत धरून उभी राहते. डॉक्टरांना दाखव.”

“दोन दिवसांवरून काही सिद्ध होत नाही, ताई.”

“आई आहे ती, तुझं मशीन नव्हे!” ती फणकारली.

माझ्याकडे जुने आकडे होते. गेल्या वर्षी आईच्या गुडघ्यांवर औषध सुरू झालं, तेव्हा मी रोज संध्याकाळी सहाला बेल वाजवून दार उघडेपर्यंतचे सेकंद मोजले होते. तीस नोंदी, सरासरी चौदा. आता नव्या तीस घ्यायच्या, फरक खरा निघाला तर डॉक्टर गाठायचा, असं मी ठरवलं.

पहिल्या दिवशी एकतीस सेकंद लागले. आई दारात धापा टाकत उभी होती.

“खिशात किल्ली असताना बेल कसली वाजवतोस? आणि घड्याळात काय बघतोस? मी काय गाडी आहे, उशीर झाला की नाही बघायला?”

मी हसत हसत सगळं सांगितलं. तीही हसली. “म्हणजे माझी परीक्षा! नापास झाले तर?”

“तर डॉक्टर.”

“नको रे बाबा. तुझी रजा जाते, जिवाला घोर लागतो तो वेगळाच.”

दुसऱ्या दिवशी पंधरा. मग तेरा, चौदा, पुन्हा चौदा. पहिली चाचणी आम्ही नेहमीच बाद करतो. यंत्र तेव्हा तयार नसतं, आकडा फसवा येतो. सवयीने मी एकतीसही खोडला. दुसऱ्याच दिवशी दाराशी एक स्टूल आलं होतं. आई म्हणाली, चपला घालायला बरं पडतं. मला ते पटलं.

तीस नोंदी झाल्या. सरासरी चौदा पूर्णांक तीन. एवढं अंतर, खरा फरक नसतानाही, सहज पडू शकतं, असं गणित सांगत होतं. मी ताईला फोन केला. “फरक लक्षणीय नाही,” मी म्हणालो, जरा तोऱ्यातच. ताईने फोन ठेवला.

नऊ दिवसांनी, लागलेल्या सवयीने बेल वाजवली, तर दार उघडलंच नाही. शेवटी किल्लीने उघडलं. आई स्टुलावरच भिंतीला टेकून गेली होती. हृदय कित्येक महिने थकत आलं होतं, डॉक्टर म्हणाले. महिनाभर आधी आणलं असतं तर औषधं होती.

तेराव्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं आणि डोळ्याला पदर लावला. “साडेपाचलाच येऊन बसायची रे इथं. मी म्हटलं, कशाला ताटकळतेस? तर म्हणाली, पोराचे आकडे बिघडायला नकोत. उगाच काळजी करत बसेल.”

मी वही काढली. खरा आकडा एकच होता, एकतीस, आणि तोच मी माझ्या हाताने खोडला होता. बाकी सगळे तिने माझ्यासाठी जुळवून आणले होते. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सगळे गेल्यावर मी स्टुलावर बसलो. उठलो, कडी काढली, दार उघडलं. घड्याळ पाहिलं: तीन सेकंद. इथून दार दोन पावलांवर आहे. तेवढ्याला आईला रोज चौदा लागत होते.