दोन जिपा आणि मागचे दिवे

माझा धंदा गाडीच्या वायरिंगचा. हॉर्न, बॅटरी, सेल्फ, दिवे. गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात उभं राहून बोलायला लागलं की दोन मिनिटांत मला कळतं, बिघाड गाडीत आहे की माणसात. माणसात असेल तर मी तोंड बंद ठेवतो आणि गाडीला एखादा दिवा लावून देतो. या दोन भावांच्या जिपांना मी असे किती दिवे लावले ते आठवलं की हसू येतं. थोडी लाजही वाटते.

हे भाऊ एका बोळाच्या टोकाला समोरासमोरच्या घरांत राहतात. बोळ तीनशे पावलांचा, दोन्हीकडे उंच भिंती, रुंदी जेमतेम एका गाडीची. दगड आणि खड्डे इतके की सायकलवाला पेपर कोपऱ्यावरच टाकून जातो. नगरपालिका रस्ता करून द्यायला एका पायावर तयार होती, फक्त दोन्ही घरमालकांच्या सह्यांचा अर्ज हवा होता. पण कागदावर एक सही वर येते आणि एक खाली, त्याला नगरपालिका तरी काय करणार? थोरले म्हणाले, मी वयानं मोठा, माझी वर. धाकटे म्हणाले, अर्ज मी लिहिला, माझी वर. अर्ज कपाटात गेला. थोरल्यांनी डोंगर चढणारी जीप घेतली. पंधरा दिवसांत धाकट्यांनी तीच घेतली, चार बोटं जास्त उंच. डोंगर दोघांनीही पाहिलेला तो कॅलेंडरवरच.

बोलणं बंद होऊन तीन वर्षं झाली होती. कशावरून बंद झालं हे विचारलं की दोघंही तावातावानं सांगायला लागत आणि निम्म्यावर अडखळत. बोळात समोरासमोर आले की मागे कुणी जायचं हा प्रश्न. म्हणून थोरले माझ्याकडे येऊन पुढच्या बंपरवर दोन मोठे दिवे लावून गेले, समोरच्याचे डोळे दिपावेत म्हणून. धाकट्यांनी चार लावले. मग थोरल्यांनी टपावर आठ दिव्यांची पट्टी. मी दोघांनाही म्हणायचो, ‘‘वा साहेब, आता समोर उभं राहायची कुणाची छाती नाही.’’ मला काय, माझं घर त्या बोळात नव्हतं.

बोळात होती ती त्यांची आई. वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक महिना थोरल्यांकडे, एक महिना धाकट्यांकडे. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. त्या दिवशी थोरले आईला घेऊन पहाटे निघाले आणि बोळाच्या मधोमध धाकटे समोर आले. ते बागेत चालायला गेले होते. चालायला ते जीपनंच जातात.

दोन्ही जिपा नाकाला नाक लावून उभ्या. थोरले म्हणाले, मला मागचं दिसत नाही. धाकटे म्हणाले, मलाही नाही. तसं ते खोटं नव्हतं. मागच्या काचेवर काळी फिल्म, तिच्यावर लटकलेलं स्टेपनीचं चाक, आणि कंपनीचा रिव्हर्सचा दिवा म्हणजे देवघरातली समई. सव्वा तास झाला. आई मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तारीख गेली. डॉक्टरांनी दुसरी दिली ती महिन्यानं, आणि बजावून सांगितलं, यापुढे उशीर झाला तर उजवा डोळा हातचा जाईल.

त्याच आठवड्यात दोघी जावा एका स्कूटरवर बसून माझ्या गॅरेजात आल्या. त्यांच्यात कधीच भांडण नव्हतं. वेळच मिळाला नव्हता म्हणाल्या.

थोरली म्हणाली, ‘‘भाऊ, पुढं पुष्कळ उजेड पाडलात. आता मागं पाडा. दोन्ही जिपांना.’’

‘‘एकाच खोक्यातले लावा,’’ धाकटी म्हणाली. ‘‘रतीभर कमीजास्त झालं तर महाभारत होईल.’’

मी सांगितलं, स्टेपनीच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवा बसवू, उजेड जरा खाली झुकवू, वेगळा फ्यूज, दिव्यांना करंट जोडणारा वेगळा रिले, आणि डॅशबोर्डवर एक स्विच, हवं तेव्हा चालू करायला.

‘‘स्विच नको,’’ दोघी एकदम म्हणाल्या. ‘‘स्विच दिला तर बंद करून बसतील आणि म्हणतील, दिसत नाही. रिव्हर्स टाकला की लागलाच पाहिजे.’’

पंचवीस वर्षांत इतकं स्वच्छ काम मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस घालवून मी ते केलं. गिअरबॉक्सवरून रिव्हर्सची वायर उचलली, रिलेला दिली, पत्र्याच्या भोकांना रबर बसवलं. गिअर मागे पडला की टक् असा आवाज आणि मागे लख्ख उजेड. नवऱ्यांना सांगितलं की बायकोकडून भेट आहे. दोघांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘त्याच्याएवढाच आहे ना?’’

ऑपरेशनच्या दिवशी रुग्णालयात सातला पोचायचं होतं. थोरलीनं मला मुद्दाम बोलावलं होतं, दिवे दगा देऊ नयेत म्हणून. साडेपाचला मी माझी जुनी व्हॅन मोठ्या रस्त्यावर लावली आणि बोळातून चालत आत गेलो. हिवाळ्यातला अंधार होता. धाकट्यांची जीप अंगणात नव्हती. गेल्या वेळी थोरल्यांना जमलं नाही, तेव्हा या वेळी आईला आपणच न्यायचं म्हणून ते डिझेल भरायला गेले होते. आणि ते परत यायच्या आत निसटायचं म्हणून थोरल्यांनी आईला घाईनं गाडीत बसवलं होतं. मला तिच्या शेजारी बसवलं. मातृभक्तीत दोघंही एकमेकांना हार जाणारे नव्हते.

बोळाच्या मधोमध व्हायचं ते झालं. समोर चार दिवे, आमचे टपावरचे आठ. हॉर्न कुणीच वाजवला नाही. थोरल्यांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली, आरशात पाहिलं, आणि मला त्यांच्या मानेवरूनच कळलं की नवा दिवा त्यांना गप्प बसू देत नाहीये. त्यांनी रिव्हर्स टाकला. टक्. मागचा बोळ भिंतीवरच्या शेवाळासकट दिसायला लागला.

‘‘मला काय मागं जाता येत नाही?’’ ते म्हणाले, आणि जीप सरसर मागे जायला लागली.

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. आपल्या हातच्या दोन दिव्यांनी एक घर जोडलं, असं वाटलं. मग पुढं पाहिलं. समोरचे चार दिवे लहान होत चालले होते. धाकटेही मागे जात होते.

आम्ही अंगणात पोचलो, ते मोठ्या रस्त्यावर पोचले. मध्ये तीनशे पावलांचा बोळ रिकामा.

मी म्हटलं, ‘‘चला साहेब, वाट मोकळी आहे.’’

‘‘छे,’’ थोरले म्हणाले. ‘‘मी मागं आलो ना? आता त्यानं आत यायचं. मी बाहेर गेलो तर मोठेपणा त्याच्या नावावर जाईल.’’

थोरलीनं जावेला हाक मारली. धाकटीनं नवऱ्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, मी मागं गेलोय, आता त्यानं बाहेर यावं. हे त्याला सांगितलं, ते याला सांगितलं. दोघी पार घायकुतीला आल्या. धाकटी फोनवर ओरडली, ‘‘अहो, आईंचा डोळा!’’ तिकडून ऐकू आलं, ‘‘दादाला सांग ना डोळा!’’ सहा वीस झाले.

तेव्हा आई म्हणाली, ‘‘दार उघड रे बाबा.’’

मी उतरून दार उघडलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती खाली उतरली आणि बोळाकडे तोंड करून चालायला लागली. थोरले आतूनच म्हणाले, ‘‘आई, अगं थांब, तो येईलच.’’ ती थांबली नाही. तेव्हा तिला दिसावं म्हणून त्यांनी सगळे पुढचे दिवे लावले. ते पाहून धाकट्यांनी तिकडून त्यांचे लावले. मोतीबिंदूच्या डोळ्यांना पुढून मागून नुसतं पांढरं. ती जागच्या जागी उभी राहिली.

‘‘बंद करा रे ते,’’ ती म्हणाली. ‘‘मला काही दिसत नाही.’’

दिवे बंद झाले. एक हात भिंतीवर, एक माझ्या हातात, अशी ती तीनशे पावलं चालली. दोनदा ठेचकाळली. मला खड्डा दिसायच्या आधी ती म्हणायची, ‘‘इथं जपून.’’ रस्त्यावर धाकटे दार उघडून उभे होते, ‘‘बस आई’’ म्हणत. तिनं त्यांच्या गालाला हात लावला आणि पुढं येऊन माझ्या व्हॅनमध्ये बसली. सातला पाच कमी असताना आम्ही पोचलो. वाटेत मला पुढचे सगळे दिवे कुणी लावून दिले ते तिला सांगायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची होती. मी गेलो, मला राहवलं नाही. दोन्ही भाऊ खाटेच्या दोन बाजूंना उभे होते, एकमेकांकडे न बघता. डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची पट्टी काढली, बोटं दाखवली, तिनं बरोबर मोजली. मग तिनं थोरल्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग धाकट्यांकडे. थोरल्यांचे केस सगळे गेलेले, धाकट्यांचे सगळे पिकलेले. गेली चार वर्षं ती त्यांना आवाजावरूनच ओळखत होती.

‘‘अगंबाई,’’ ती म्हणाली, ‘‘किती म्हातारे झालात रे दोघं!’’

धाकटे चष्मा काढून पुसायला लागले.

‘‘मला आपलं वाटायचं,’’ आई म्हणाली, ‘‘पोरं आहेत, भांडतात.’’